साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी: दीड वर्ष रोज घातल्यावर लिहितेय

अंगठी घेतली त्याच आठवड्यात रिव्ह्यू लिहायला बसले होते पण मुद्दाम थांबले. नवी अंगठी पहिला महिनाभर सगळ्यांचीच चमकते हो, खरं काय ते ज्वारीचं पीठ मळून, भांडी घासून, बँकेच्या काउंटरवर दिवसभर नोटा हाताळून आणि लातूरचा एक अख्खा उन्हाळा काढल्यावर कळतं. आता दीड वर्ष झालं म्हणून लिहितेय, आणि जरा लांबच लिहिणारे, कारण घेताना मला जे कुणी सांगितलं नाही ते सगळं सांगायचंय.

आधी अंगठी कशी आहे ते. १८ कॅरेट पिवळं सोनं, एकच गोल हिरा, ०.२९ कॅरेट म्हणजे आपल्याकडं सराफ म्हणतात तसा २९ सेंटचा, रंग एच, क्लॅरिटी व्हीएस टू, कट एक्सलंट, सोबत जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचा रिपोर्ट, आणि हिऱ्याला धरायला सहा प्राँग, म्हणजे सोन्याच्या बारीक नख्या. घेतली लातूरला गंजगोलाईत, सराफ लाईनीतल्या एका जुन्या दुकानातून. नाव लिहीत नाही, मला कुणाची जाहिरात करायची नाही आणि जे सांगायचंय ते कुठल्याही दुकानात कामाला येईल.

मी एवढी चौकस का झाले ते सांगायला पाहिजे. माझी ताई अंबाजोगाईला असते. तिच्या साखरपुड्यात दाजींनी हौसेनं हिऱ्याची अंगठी घातली होती, मोठ्या शहरातल्या एका चकाचक दुकानातून आणलेली. चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट, ताई संध्याकाळी भाकरी करत होती, तिसरी भाकरी तव्यावर टाकली आणि हाताकडं बघते तर अंगठीत हिऱ्याच्या जागी नुसतं भोक. चार प्राँग होते, त्यातला एक वाकलेला. मी तेव्हा तिथंच होते. आम्ही काटवटीतलं पीठ चाळणीनं चाळलं, मळलेला गोळा पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळला, झालेल्या दोन्ही भाकऱ्या चुरून बघितल्या, ओट्याखाली मोबाईलचा टॉर्च लावून झाडलं. नाही सापडला. सापडणार तरी कसा, तो त्याच दिवशी पडला की आठ दिवस आधी कुठं बसमध्ये पडला हेच माहीत नव्हतं. ताई काही बोलली नाही, पण त्या रात्री ती जेवली नाही.

नंतर दाजी बिल घेऊन दुकानात गेले. बिलावर काय होतं, तर 'डायमंड रिंग', एकूण वजन आणि एकूण रक्कम. बस्स. हिरा किती सेंटचा, कुठल्या रंगाचा, कुठल्या लॅबनं तपासलेला, एक अक्षर नाही. दुकानदार म्हणाला हॉलमार्क आहे ना साहेब, गॅरंटी सोन्याची असते. आणि त्याचं ते वाक्य खरंच होतं. हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेचा असतो, हिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, आम्हाला वाटायचं हॉलमार्क म्हणजे सगळ्या दागिन्याची हमी.

त्यामुळं माझी सोयरीक जमली आणि अंगठीचा विषय निघाला तेव्हा मी आधीच सांगितलं, घ्यायची तर बघून, वेळ काढून, नाहीतर साधी सोन्याचीच बरी. सासूबाईंचं मत तेच होतं. त्या म्हणाल्या, "हिऱ्याला मोड नसती गं, सोनं घ्या, अडीनडीला कामाला येतंय." त्यांचं चुकीचं नाही. सोयाबीनला भाव नसला की कुठलं घर सोन्याकडं बघत नाही? मी त्यांना स्पष्टच म्हणाले, आई, ही गुंतवणूक नाही, ही हातात घालायची वस्तू आहे, गुंतवणुकीचं सोनं वेगळं घेऊ. आजोबांनी मात्र मस्त बाजू घेतली. त्यांचं लहानपण निजामाच्या राज्यातलं, हिरा म्हटलं की त्यांना निजामच आठवतो. सातव्या निजामाकडं, मीर उस्मान अली खानाकडं, १८४ कॅरेटचा जेकब हिरा होता आणि तो त्याला टेबलावर कागद दाबायला वापरायचा, वडिलांच्या बुटाच्या टोकात सापडला होता म्हणतात. १९९५ साली केंद्र सरकारनं निजामाचे दागिने २१८ कोटींच्या आसपास घेतले त्यात तोही आला. आजोबा म्हणाले, "त्याचा कागदावर, तुझा बोटात. घे तू."

चार दुकानं फिरलो, दोन लातूरची, दोन छत्रपती संभाजीनगरची. माझा होणारा नवरा सोबत होता, त्याला सुट्टी फक्त रविवारी, म्हणून तीन आठवडे गेले. पहिली गोष्ट जी लक्षात आली ती म्हणजे दुकानातले लाईट. काउंटरवर ते छोटे छोटे फोकस लावलेले असतात ना, त्याखाली पन्नास रुपयाचा अमेरिकन डायमंडसुद्धा नाचतो. एका दुकानात मी म्हणाले जरा दारापाशी नेऊन बघते, तर म्हणे मॅडम इथंच बघा, पॉलिसी नाही. तिथून उठलोच. गंजगोलाईच्या दुकानातले काका मात्र स्वतःच म्हणाले, "आतमधी काय बगायलाव, उजेडात चला की." ट्रे घेऊन माणूस सोबत आला, दुपारचे साडेबारा, समोर गोलाईचा सगळा गलका चाललेला, आणि तिथं पायरीवर उभं राहून मी आयुष्यात पहिल्यांदा हिरा नीट बघितला.

दोन खडे शेजारी शेजारी ठेवले होते. एक ३५ सेंटचा, एक २९ चा. वरून दोन्ही जवळजवळ सारखेच दिसत होते, मला वाटलं चुकून एकाच मापाचे काढले. काकांनी चिमट्यात आडवा धरून दाखवला तेव्हा कळलं, ३५ चा खडा खाली पोटात खोल होता, सगळं वजन तिथं. वजन पोटात आणि पैसे आपल्या खिशातून. मग म्हणाले उन्हात नको, सावलीत धरा. मी माझ्याच हाताची सावली केली. मोठा खडा सावलीत गेला की मधोमध काळसर पडायचा, विहिरीत डोकावल्यासारखा. २९ चा सावलीतसुद्धा कडेपासून मधापर्यंत पांढरा, आणि हात जरा हलला की पैलूंची उघडझाप, काळं पांढरं काळं पांढरं, मधेच एखादी निळी-तांबडी ठिणगी. तेवढं बघून माझा निर्णय झाला होता. कट कट म्हणतात तो हा. कट म्हणजे आकार नव्हे बरं का, गोल, चौकोनी, बदाम हे आकार झाले. गोल हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात आणि ते कुठल्या कोनात पाडलेत त्यावर आत गेलेला उजेड वर परत येतो की खालून निसटून जातो हे ठरतं. फार खोल झाला की मधे काळा, फार उथळ झाला की कडेला राखाडी कडी दिसते. कारागिराला आणि व्यापाऱ्याला वजन राखायचा मोह असतोच, कारण विकलं जातं कॅरेटवर, म्हणून सुरतेतून जगातले बहुतांश हिरे पैलू पाडून जात असले तरी सगळे सारख्या कटचे नसतात. आणि जीआयएच्या रिपोर्टवर कटची ग्रेड फक्त गोल हिऱ्याला येते, त्यामुळं पहिल्यांदा घेणाऱ्यानं गोलच घ्यावा असं माझं मत, निदान कागदावर काहीतरी पकडायला मिळतं.

रंग, क्लॅरिटी आणि वजन या बाकी तीन गोष्टींवर मी कमी जीव टाकला. रंग डी पासून झेड पर्यंत मोजतात, डी म्हणजे एकदम बिनरंगी. पण सोनं पिवळं असेल तर डी, ई चे जादा पैसे कशाला, पिवळ्याचा उजेड खड्यात उतरतोच, माझा एच आहे आणि आजवर एकानं पण पिवळट म्हटलेलं नाही. व्हाईट गोल्ड घेणार असाल तर मात्र रंग वरचा बघा, आणि हेही धरून चाला की त्यावर रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो, तो घासून जातो आणि परत चढवावा लागतो. क्लॅरिटी म्हणजे खड्यात डाग-रेषा किती ते, ती दहा पट भिंगातून ठरवतात, नुसत्या डोळ्याला व्हीएस टू मधलं सहसा काही दिसत नाही, मग त्याच्या वरच्या व्हीव्हीएसचे पैसे कशासाठी मोजायचे. आणि वजन. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, १०० सेंट. ३०, ५०, १०० असे गोल आकडे आले की कॅरेटचा भाव एकदम पायरी चढतो, म्हणून २९ सेंट. एक सेंटचा फरक कुणाच्या डोळ्याला दिसणारे? माझा खडा सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास आहे, मुगाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, माझ्या बारीक बोटाला तेवढाच शोभतो.

लॅबग्रोनचं, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या हिऱ्याचं काय, हा प्रश्न हमखास येतो. आमच्याही घरात दोन दिवस तोच विषय होता. नवऱ्याचं म्हणणं, तेवढ्याच पैशात एक कॅरेटचा येतोय, आणि खरंच येत होता. लॅबमधला हिरा खोटा नसतो हे आधी डोक्यात पक्कं करा. कार्बनच असतो, कडकपणा तोच, चमक तीच, मिथेन वायूतला कार्बन थरावर थर बसवून किंवा प्रचंड दाब आणि उष्णता देऊन वाढवतात. २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेत तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा लॅबग्रोनच भेट दिला होता. फरक पडतो तो परत देताना. आमच्या दुकानानं नॅचरल हिऱ्याला बदलून घेताना किमतीच्या ८० टक्के आणि रोख हवे तर ७० टक्के असं बिलावर लिहून दिलं, लॅबग्रोन मात्र परत घेत नाही म्हणाले. निदान तोंडावर सांगितलं. मोठा खडा हवा असेल आणि कधी मोडायचा नसेल तर लॅबग्रोन घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही, माझ्या मैत्रिणीनं घेतलाय आणि सुंदर दिसतो. मी नॅचरल घेतला कारण मला लहानच हवा होता. पण फसवणूक होते ती इथं: एका दुकानात पोरानं ते टेस्टरचं पेन खड्याला लावलं, पीप वाजलं, आणि म्हणाला बघा नॅचरल. अहो ते पेन उष्णता किती झटकन जाते तेवढंच मोजतं, लॅबग्रोनवर पण वाजतं, आणि साधं पेन मॉइसनाईटवर पण वाजतं, जो हिराच नाही. नॅचरल की लॅबग्रोन हे फक्त तपासणाऱ्या संस्थेचा रिपोर्ट सांगतो, दुकानदार नाही, पेन नाही.

रिपोर्ट नुसता फाईलमध्ये आला म्हणजे झालं असं पण नाही. खड्याच्या कमरेला, म्हणजे वरचा आणि खालचा भाग जिथं मिळतो त्या कडेला, लेझरनं रिपोर्टचा नंबर बऱ्याचदा कोरलेला असतो. काकांनी मायक्रोस्कोपखाली लावून दिला, मी दोन मिनिटं डोळा लावून बसले, आधी नुसता धुरकट पांढरा पट्टा, मग त्यांनी चाक जरा फिरवलं आणि एकदम आकडे उभे राहिले, मुंगीच्या पायाहून बारीक पण स्वच्छ. एकेक आकडा मी मोठ्यानं वाचत गेले आणि नवरा कागदावर बोट ठेवत गेला. मग तोच नंबर मोबाईलवर जीआयएच्या साईटवर टाकला, वजन, रंग, मापं सगळं जुळलं. हे दुकानातच करा, घरी गेल्यावर नाही.

आता कोंदण. ताईच्या अंगठीमुळं माझा सगळा जीव इथंच अडकला होता. हिऱ्याला चार प्राँग असले की उजेड जास्त येतो, खडा उठून दिसतो, हे खरं. पण चारातला एक वाकला की खडा गेलाच समजा, सहातला एक वाकला तर बाकीचे पाच धरून ठेवतात. सगळ्यात सुरक्षित म्हणजे चहूबाजूंनी सोन्याची कड असलेलं बंद कोंदण, आपल्या जुन्या दागिन्यात असायचं तसं, पण मला ते तेव्हा जड वाटलं. सहावर तडजोड केली. आणि सोनं १८ कॅरेटचंच. आमच्याकडं २२ कॅरेटशिवाय सोन्याला कुणी सोनं म्हणत नाही, सासूबाईंनी तर "हे कसलं भेसळीचं" म्हणून तोंड वाकडं केलं, पण २२ कॅरेट मऊ असतं, त्याचे प्राँग भांड्यावर आपटून सुद्धा वाकतात. १८ मध्ये ७५ टक्के सोनं, बाकी तांबं-चांदी असल्या धातूंचा कडकपणा. प्राँगवरून बोट फिरवून बघा, टोकं गुळगुळीत लागली पाहिजेत, टोचायला नको, आणि प्राँग खड्याला चिकटून बसलेला हवा, मधून उजेड दिसला तर परत करा. माझी अंगठी पहिल्यांदा तयार होऊन आली तेव्हा एका प्राँगचं टोक टोचत होतं, मी सांगितलं, त्यांनी कुरकुर न करता परत कारागिराकडं पाठवली, पण त्यात नऊ दिवस गेले आणि साखरपुडा चार दिवसांवर आला तरी अंगठी नाही. माझ्या आईचा जीव टांगणीला लागला होता. एवढी एक तक्रार आहे माझी या दुकानाबद्दल, तारीख दिली की पाळावी, मुलीकडच्यांना काय वाटत असेल याचा विचार करावा.

बिल. माझं बिल असं होतं: सोनं निव्वळ ३.२०० ग्रॅम, हिरा ०.२९ कॅरेट वेगळ्या ओळीत रिपोर्ट नंबरसकट, घडणावळ वेगळी, हॉलमार्किंगचे ४५ रुपये वेगळे, आणि सगळ्यावर ३ टक्के जीएसटी. एकूण ५८ हजाराला थोडे कमी, तेव्हाच्या सोन्याच्या भावानं, आता भाव कुठं गेलाय ते तुम्हाला माहितीच आहे. काट्यावर अंगठी ३.२५८ भरली होती, त्यातले ०.०५८ हिऱ्याचे. काही जण पूर्ण वजनावर सोन्याचा भाव लावतात म्हणजे खड्याचे पैसे दोनदा, एकदा हिरा म्हणून आणि एकदा सोनं म्हणून. माझ्या अंगठीत तो फरक सव्वातीनशे रुपयांचाच झाला असता पण बारीक बारीक पुष्कळ खडे असलेल्या दागिन्यात हजारात जातो. नेट वजन म्हणजे नुसत्या सोन्याचं आणि ग्रॉस वजन म्हणजे खड्यासकट, दोन्ही लिहून मागा. अंगठीच्या आतल्या बाजूला बीआयएस या सरकारी मानक संस्थेचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि एचयूआयडी म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून दुकानातच बघा, दोन मिनिटाचं काम आहे.

आता वापराबद्दल, म्हणजे ज्यासाठी दीड वर्ष थांबले.

साखरपुड्यानंतर दोन महिन्यांतच मला वाटायला लागलं की हिरा मेला. चमक गेली, नुसता काचेसारखा. घाबरून काकांकडं गेले, त्यांनी भिंगातून बघितलं आणि मला दाखवलं, खड्याच्या खाली पांढरी राप बसलेली. ज्वारीचं पीठ. भाकरी थापताना तळहाताकडून पीठ आत घुसतं, वरून हाताचं तेल, क्रीम, आणि त्याचा लेप होतो. हिऱ्याला तेल-तूप फार लवकर चिकटतं, इतकं की खाणीत मातीतून हिरे वेगळे काढायला ग्रीस लावलेले पट्टे वापरत, दगड वाहून जातात आणि हिरे ग्रीसला चिकटून राहतात. खालून उजेड अडला की वरची चमक संपली, खडा कितीही चांगला असो. तेव्हापासून दर रविवारी एका वाटीत कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, पंधरा मिनिटं भिजवते आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशनं खालच्या बाजूनं घासते. खालच्या बाजूनं, सगळे वरूनच घासतात. शेवटचं पाणी फिल्टरचं, आमच्या बोअरच्या पाण्यानं पांढरे डाग राहतात. आणि हे सगळं वाटीत, बेसिनवर नाही, निसटली तर नळीत जाईल. टूथपेस्ट लावू नका, सोन्यावर ओरखडे येतात. ब्लीच, फिनाईल, संडास धुवायचं लिक्विड याच्या जवळपास पण अंगठी नेऊ नका, क्लोरीननं मिश्र सोनं आतून ठिसूळ होतं, प्राँगसारख्या बारीक जागी आधी.

कणीक मळताना, भाकरी थापताना आता काढूनच ठेवते. काढून ठेवायची जागा एकच, देवघरातली छोटी डबी. ओट्यावर नाही, खिडकीत नाही, पदराच्या टोकाला बांधून तर अजिबात नाही. आणि त्या डबीत दुसरा दागिना नाही, कारण हिरा सगळ्याला ओरखडतो, माझ्या मोत्याच्या नथीला एक रेघ पडली ती अशीच, एकत्र ठेवल्यामुळं.

अकरा महिन्यांनी ते झालं ज्याची मला भीती होती. औशाला मावसबहिणीचं लग्न, हळदीच्या दिवशी ओढणीचा धागा अंगठीत अडकला. ओढून काढला. दुसऱ्या दिवशी टॉवेलचा अडकला. तेव्हा डोक्यात ताईची काटवट आली. अंगठी कानापाशी धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं हळूच टिचकी मारली तर आतून बारीक आवाज, टिक टिक, ज्वारीचा दाणा डब्यात हलावा तसा. लग्नात न घालता अंगठी कापसात गुंडाळून पर्समध्ये टाकली. परत आल्यावर काकांनी भिंगाखाली धरली, एक प्राँग केसभर उचललेला, त्याच्याखाली ओढणीचा पिवळा धागा आणि वाळलेली हळद. विचारलं कुठं आपटली होती का, तर आठवलं, बँकेत स्ट्राँगरूमच्या लोखंडी दाराला जोरात लागली होती, महिनाभर आधी. मी तेव्हा फक्त हिरा बघितला, हिऱ्याला काय होणार म्हणून. हिऱ्यावर ओरखडा पडत नाही हे खरं, पण नेमक्या जागी ठोका बसला तर त्याचा टवका उडतो, त्याच्या आत ठराविक दिशा असतात तिथं तो लाकडासारखा फाटतो. काकांनी आधी कड तपासली, टवका नव्हता, मग चिमट्यानं प्राँग दाबून बसवला. दहा मिनिटं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले सहा महिन्याला एकदा येत जा, गोलाईत भाजी घ्यायला येतेसच की. सहाऐवजी चार प्राँग असते तर, हा विचार त्या दिवशी रस्ताभर माझ्यासोबत होता.

मापाचं एक राहिलं. जानेवारीत माप दिलं आणि मे महिन्यात बोट सुजून अंगठी निघेना. आपल्याकडं उन्हाळ्याचं आणि थंडीचं बोट वेगळं असतं, माप संध्याकाळी आणि शक्यतो दोनदा द्या. एक नंबरनं वाढवून घेतली, पहिल्यांदा फुकट केली त्यांनी. दुरुस्तीला देताना पावतीवर वजन आणि रिपोर्ट नंबर लिहून घ्या आणि परत घेताना मायक्रोस्कोपखाली तोच नंबर वाचून घ्या, ओळखीचं दुकान असलं तरी, काकांनी स्वतःच मला तसं करायला सांगितलं. कारागीर अंगठी तापवणार असेल तर विचारा की खडा काढून करणार की बोरिक पावडरचा लेप लावून, कारण हिरा शेवटी कार्बन आहे, उघड्या ज्योतीत त्याचा पृष्ठभाग जळून पांढुरका पडतो.

मी बँकेत आहे म्हणून लॉकरबद्दल सारखं विचारतात. रोज घालायची अंगठी लॉकरमध्ये ठेवून काय उपयोग, पण लांबच्या प्रवासाला जाताना ठेवा. फक्त हे माहीत असू द्या की बँकेच्या चुकीमुळं चोरी किंवा आग झाली तर भरपाई लॉकरच्या वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंतच असते, २०२२ पासून तसा नियम आहे, आत कितीचाही माल असो. घराच्या विम्यात दागिन्यांची जोड घेता येते, ती मी घेतलीय, त्यासाठी बिल, रिपोर्ट आणि अंगठीचे चार बाजूंनी फोटो एकत्र ठेवलेत, त्याच फोटोंची एक प्रत ताईकडं पण आहे.

पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या नऊ दिवसांचा कापला. खड्याला पाच, कोंदणाला पाच.

ताईची रिकामी अंगठी चार वर्षं कपाटात तशीच पडून होती. गेल्या महिन्यात मी तिला घेऊन गंजगोलाईत गेले. तिनं नवा खडा घेतला, १८ सेंटचा, लहानसा, पण सावलीत धरून बघून, आणि चहूबाजूंनी बंद कोंदणात बसवला. दाजींनी बिल तीनदा वाचलं. परवा अंबाजोगाईला गेले तेव्हा ती भाकरी करायच्या आधी अंगठी काढून फळीवरच्या हळदी-कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवत होती, मी म्हणाले बंद कोंदण आहे गं, राहू दे की हातात, तर म्हणाली, "नको बाई, पीठ जातंय खाली."